नाव लागू पडलं

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलं तिथं जायचो तेव्हा शेजारच्या घरात एक आजी असायच्या. सगळा गाव त्यांना नकूआक्का म्हणे. कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावून द्यावं तर नकूआक्कांनी आणि वाळवणावरच्या कोंबड्या हाकाव्यात त्याही नकूआक्कांनीच. ठकू, बकू, सकू तशी नकू. हाही कुठल्या तरी चांगल्या नावाचा लाडका तुकडा असेल, असंच माझ्या डोक्यात पक्कं होतं. पुढं मी कॉलेजात जायला लागल्यावर एकदा आक्कांनी मला हाक मारून ओट्यावर बसवलं आणि निराधार पेन्शनचा फॉर्म पुढं केला. 'लिव बाय तेवढा.' मी पेन काढून विचारलं, 'आक्का, पूर्ण नाव काय?' त्या म्हणाल्या, 'नकुसा.'

पेन थांबलंच. तोवर त्या नावाचा अर्थ माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. मी चाचरत विचारलं, 'दुसरं काही नाव नाही का आक्का?' त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सहज सांगितलं, 'सासरी हुतं की. तांदळात लिवलं हुतं. त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई, आन् मी बी इसरले.'

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुणाचं आजोळ असेल, तर त्यांना हे नाव नवं वाटणार नाही. कुठं नकुसा, कुठं नकुशा, कुठं नकोशी, वय वाढलं की नकुसाबाई. व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर शब्द सरळ आहे. 'हवा'ला 'सा' लागला की हवासा, हवीशी. तसंच 'नको'चं नकोसा, नकोशी. आमच्याकडच्या बोलीत 'होता'चं 'हुता' होतं, त्याच चालीवर 'नकोसा'चं 'नकुसा' झालं असावं. त्यातही गंमत अशी, की शुद्ध स्त्रीलिंगी रूप 'नकोशी'. पण 'नकुसा' हे सीता, राधा, गंगा यांच्या रांगेत आकारान्त होऊन असं बसतं, की परक्या माणसाला ते एखाद्या नदीचं नाव वाटावं. हा 'नको' शब्दही आपला मोठा अभिमानाचा. हिंदीत 'मत' आणि 'नहीं चाहिए' असे दोन वेगळे प्रकार करावे लागतात, आपलं एका 'नको'त भागतं. दख्खनी हिंदी बोलणाऱ्यांनी तर तो 'नक्को' करून आपल्याकडून उचललाच. अशा कामाच्या शब्दाचं आपण हेही काम केलं.

हे नाव ठेवलं कसं जातं, ते पाहण्यासारखं आहे. पहिली मुलगी झाली की म्हणायचं, पहिली बेटी धनाची पेटी. दुसरीला तोंडं जरा लांबतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी पुन्हा मुलगीच झाली, की घरातलं कुणी तरी मोठं माणूस म्हणतं, हिचं नाव नकुसा ठेवा, म्हणजे पाठीवर मुलगा होईल. ही नुसती चीड नव्हे, हा एक तोडगा आहे. नाव मुलीला असतं, पण निरोप देवाला असतो: मुली पुरे, आता थांब. मुलगी म्हणजे जणू पोस्टकार्ड. मजकूर लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा. कार्डाला कोण विचारतो? आणि उत्तर येवो न येवो, मजकूर मात्र कार्डावर जन्मभर राहतो.

तोडग्याचं नाव ठेवायची रीत तशी महाराष्ट्रात जुनीच. मुलं जगत नसली, की पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, केरू, भिकू म्हणायचं. दृष्ट लावणाऱ्याला वाटावं, हा काय दगड, हा काय केर. याला नेऊन काय करायचं? (धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू ठेवत, तो भाग निराळा.) स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं आणि 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचं मूळ नाव दगडू. या नावांनी कुणाचं अडलं नाही. मग नकुसानंच का खुपावं, असं कुणी विचारील. फरक फार मोठा आहे. दगडूला दगड म्हणणारी आई मनात म्हणत असते, हा मला फार हवाय, म्हणून तो नकोसा असल्याचं सोंग करते. नकुसाच्या बाबतीत सोंग नाही. तिथं जे मनात आहे तेच पाळण्यावर लिहिलेलं आहे. आणि मुलीला हे कळायला वेळ लागत नाही, कारण शब्द संस्कृत नाही की फारसी नाही. पहिलीच्या वर्गातल्या पोरालाही तो कळतो. हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून 'कुणाला नको गं?' असा प्रश्न यायला मुलं काही फार दुष्ट असावी लागत नाहीत.

जगाच्या पाठीवर दुःखाचं नाव मुलीला देणारे आणखीही लोक आहेत. स्पेनमध्ये दोलोरेस हे फार चालणारं नाव होतं. त्याचा अर्थ वेदना, तोही अनेकवचनी. लॅटिन भाषेपासून निघालेल्या भाषांमध्ये त्याची भावंडं पसरली आहेत. बार्सेलोनाच्या बाजूला कातालान भाषेत ते दोलोर्स होतं, पोर्तुगीज भाषेत मधला 'ल' गळून दोरेस उरतं, इटलीच्या दक्षिणेत आदोलोराता, म्हणजे दुखावलेली. फ्रेंचांनी स्पॅनिश नावच उसनं घेतलं. पोर्तुगीज नावांचा वारा लागलेल्या आपल्या गोव्यातही 'मारिया दास दोरेस' हे काही अनोळखी नाव नाही. लाडाने दोलोरेसची लोला होते, आणि लोला म्हटलं की वेदनेची आठवणही राहत नाही. १९३६च्या स्पेनमधल्या यादवी युद्धात ज्या बाईच्या भाषणांनी माद्रिद पेटून उठलं, तिचं नाव दोलोरेस इबार्रुरी. आता आपल्याकडे कुणी मुलीचं नाव वेदनाबाई ठेवलं तर आपण दचकू. पण तिकडे ते आशीर्वादाचं नाव, कारण त्यातली वेदना मुलीची नव्हेच. पुत्र डोळ्यांदेखत क्रुसावर गेलेला पाहणाऱ्या मेरी मातेची ती सात दुःखं. मुलीला दिलेलं नाव हे त्या आईचं आहे, तिच्या छत्राखाली मुलीनं राहावं म्हणून दिलेलं.

म्हणजे नावाचा अर्थ वाईट असला म्हणून ते नाव वाईट होत नाही. अर्थाचं बोट कुणाकडे आहे, त्यावर ते ठरतं. दोलोरेसचं बोट मेरीकडे, दगडूचं बोट दृष्ट लावणाऱ्याकडे. नकुसाचं बोट नकुसाकडेच.

युरोपातही असं बोट दाखवणारी नावं होती, नाही असं नाही. नेपल्स शहरात अन्नुंझियाता नावाच्या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चक्र होतं. नकोसं मूल रात्री त्यात ठेवायचं, चक्र फिरवायचं, आत घंटा वाजायची आणि मूल आतल्यांच्या ताब्यात जायचं. १८७५ साली ते चक्र बंद झालं. अशा मुलांना आडनाव मिळायचं एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. स्पेनमध्ये तेच एक्स्पोसितो. पण तिथं मुलगा-मुलगी हा भेद त्या आडनावात नव्हता, आणि पिढ्या उलटल्यावर त्यातला अर्थही झिजून गेला. आज ते नेपल्सच्या बाजूचं अगदी नेहमीचं आडनाव आहे, कुलकर्णी-पाटलांसारखं. आडनावाला ही सोय असते. ते वापरून वापरून गुळगुळीत होतं. नकुसाला ही सोय नाही. ते नाव एका मुलीबरोबर सुरू होतं आणि तिच्याबरोबरच संपतं. दर वेळी कोरं करकरीत.

प्राचीन रोमनांचं तर विचारूच नका. त्यांनी मुलींना नावं देण्याचे कष्टच घेतले नाहीत. बापाच्या कुळाचं नाव तेच मुलीचं. ज्युलियस सीझरच्या दोन बहिणी, दोघीही ज्युलिया. अँटनीच्या आणि ऑक्टेव्हियाच्या दोन मुली, दोघीही अँटोनिया. एक थोरली, एक धाकटी. तिसरी असली तर तेर्तिया, म्हणजे तिसरी. निदान मोजत तरी होते!

आपल्याच देशात फिरलं तर नकुसाला बहिणी पुष्कळ भेटतात. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. बंगालमध्ये आन्नाकाली, 'आता आणखी नको गं काली'. तामिळनाडूत तर पोदुम्पोण्णू म्हणजे 'पोरी पुरे' आणि वेंडाम म्हणजे साफ 'नको', आपल्या नकुसाचं शब्दशः भाषांतर. चीनमध्ये झाओदी, धाकट्या भावाला बोलावून आणणारी. जपानमधल्या जुन्या आज्यांमध्ये तोमे, 'थांब'. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या एवढ्या लोकांना एकच तोडगा सुचावा, याचं आश्चर्य वाटत नाही. वाईट वाटतं.

साताऱ्याच्या मातीला मुलगा नसण्याचा धसका जुना आहे. १८४८ साली छत्रपतींचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं ते औरस मुलगा नाही आणि दत्तक मंजूर नाही, एवढ्याच सबबीवर. घरोघरी तेच गणित लहान आकड्यांत मांडलं जायचं: वतन कुणाकडे जाणार, जमीन कोण कसणार, पाणी कोण पाजणार. आणि मुलगा दत्तक घेतला की त्याचं नाव बदलायचं ते मात्र मानानं. वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले ते गणेश आत्माराम म्हणून. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. मुलगा दुसऱ्या घराला हवा होता म्हणून नाव बदललं. मुलगी आपल्याच घराला नको होती म्हणून तिला हे नाव पडलं. विसरू नये ते एवढंच, की याच साताऱ्यातून ताराबाईंनी राज्याची सूत्रं हलवली आणि याच जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या.

आता २०११ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या जनगणनेचे आकडे आले, तेव्हा सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे पाहून पुष्कळांची झोप उडाली. सातारा जिल्ह्यात ८९५, सांगलीत ८६७. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, तर हेच आकडे ८७८ आणि ८५१ असे होते. त्याच वर्षी सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यानं गावोगावच्या नकुसा शोधायचं ठरवलं. अशा मुली निघाल्या २८५. दिवाळीच्या तोंडावर, २२ ऑक्टोबर २०११ रोजी, साताऱ्यात त्यांचं सामुदायिक नामकरण झालं. ठेवणीतले कपडे घालून, केसांना चाप लावून मुली आल्या. एकेकीच्या हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र पडलं. नावं त्यांनी त्यांच्या आवडीची घेतली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या. या ऐश्वर्यावरून तेव्हा काही लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पंधरा वर्षं नको, नको ऐकलेल्या मुलीला एकदाच निवडायला मिळालं, तर तिनं सगळ्यात झगझगीत नाव का निवडू नये?

प्रमाणपत्र मिळालं म्हणून नाव बदललं असं मात्र नसतं. मुलगी शाळेत आहे तोवर शाळेच्या रजिस्टरात दुरुस्ती करून घेणं त्यातल्या त्यात सोपं. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की मग राजपत्रात नाव छापून आणा, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, एकेक ठिकाणी खेटे घाला. आणि सगळे कागद बदलले तरी चावडीवरच्या म्हाताऱ्याचं तोंड कोण बदलणार? तो 'अगं नकुसा' अशीच हाक मारणार, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटणार नाही. त्या समारंभातल्या थोरल्या मुली आज तिशीच्या आसपास असतील. त्यांना पोरंबाळं झाली असतील. त्यांच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं कुठलं नाव लागलं, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

या सगळ्यात एक गोष्ट बोलायची राहून जाते, आणि ती अवघड आहे. नकुसा ही जन्मलेली मुलगी आहे. तिला नाव वाईट मिळालं, पण नाव मिळालं. गर्भाचं लिंग पाहण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ पासून लागू झाला. कायदा करावा लागला याचाच अर्थ तेव्हा यंत्रं गावाजवळ येऊन ठेपली होती. माझ्या मते नकुसा हे गरिबाघरचं नाव आहे. ज्याला तपासणी परवडत नव्हती, तो नवस बोलला आणि मुलीचं नाव नकुसा ठेवलं. ज्याच्या शेतात कृष्णेचं पाणी खेळत होतं, ऊस साखर कारखान्याला जात होता, दारात जीप होती, त्यातल्या काहींच्या घरी नकुसा नावाची मुलगी सापडणार नाही. पण म्हणून तिथं मुली लाडक्या होत्या असं समजू नये. १८५१ साल नव्हे, ८५१ हा आकडा आहे तो, आणि तो माणदेशाच्या दुष्काळातून आलेला नाही. साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळातल्या बायकांनी गरोदर स्त्रियांना बरोबर घेऊन, डॉक्टरांच्या दारात जाऊन, असे व्यवहार उघडकीला आणले, तेव्हा त्यांना दोष देणारेही कमी नव्हते. आणि मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात मिरजेजवळच्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. त्यांना नकुसा हेसुद्धा नाव मिळालं नव्हतं.

सरकारी योजनांची नावं आता फार गोड झाली आहेत. भाग्यश्री, सुकन्या, लेक लाडकी. २०१६ साली तर 'नकुशी' नावाची मालिकाही टीव्हीवर लागली आणि 'तरीही हवीहवीशी' असं तिच्या नावातच पुढं जोडून दिलेलं होतं. चांगलं आहे. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच वाटा देणारा कायदाही महाराष्ट्रानं १९९४ साली केला, देशानं २००५ साली. गोड नावापेक्षा सातबाऱ्यावरच्या नावाचा मला जास्त भरवसा वाटतो. पण राखीच्या दिवशी भावाच्या हातात राखी बांधून हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी आपण सगळ्यांनीच पाहिलेल्या आहेत.

आता पुन्हा आक्कांच्या ओट्यावर जाते. फॉर्म अर्धा तसाच मांडीवर ठेवून मी आक्कांना विचारलं होतं, 'तुम्हाला राग नाही आला कधी या नावाचा?' आक्कांना माझ्या प्रश्नाची जरा मौज वाटली. म्हणाल्या, 'राग कशाचा? माझ्या पाठीवर भाऊ झाला की. नाव लागू पडलं.' औषध लागू पडावं तसं त्या बोलल्या. भाऊ झाल्यावर घरात त्यांना पायगुणाची म्हणून मान मिळाला, दसऱ्याला पहिलं लुगडं त्यांना मिळायचं. नाव काही बदललं नाही. गुण आलेलं औषध कोण बदलतं? मी गप्प बसले. माझ्या मनातला कळवळा त्यांच्या काही कामाचा नव्हता.

मग त्यांनी आपणहून पुढचं सांगितलं. त्या भावाचं लग्न झालं आणि त्याला पहिली मुलगी झाली. तिचं बारसं थाटात झालं. दुसरी मुलगी. तिसरीही मुलगीच. तिसरीच्या बारशाला आक्का सासरहून आल्या, तेव्हा बायका फार नव्हत्याच. घुगऱ्याही जेमतेम केलेल्या. पाळण्याच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तेव्हा आक्का उठल्या. मागून त्यांच्या आईनंच सांगितलं, 'तुझंच नाव ठेव. तुला गुण आला, तिलाबी येईल.'

'मग?' मी विचारलं.

'मग काय. वाकले, आन् कानात सांगितलं राणी. मोठ्यांदा बी सांगितलं, म्हंजी कुणाला म्हणाया नगं ऐकू आलं न्हाई.'

'आई काय म्हणाली?'

'बोलली न्हाई चार महिनं.' आक्का हसल्या. भावाला पुढं मुलगा झाला की नाही ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. फॉर्मवर मी नकुसा असंच लिहिलं, कारण रेशनकार्डावर तेच होतं. खाली त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात तसाच वर धरून आत गेल्या.